चौथीची स्कॉलरशिप

चौथीत गेलं की आमचं खेळणं जूनमध्येच बंद व्हायचं, असं आम्ही भावंडं आता आपापल्या मुलांना सांगतो. ही शुद्ध थाप आहे. खेळणं बंद व्हायचं ते दिवाळीनंतर. तोवर गाईड कपाटावर पडून असायचं आणि आई येताजाता त्याच्याकडे बोट दाखवायची, एवढंच.

परीक्षेचं तेव्हाचं सरकारी नाव लांबलचक, पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षा. घरात सगळे म्हणायचे ‘स्कॉलरशिप’, आजी म्हणायची ‘स्कालरशिप’. १९५४-५५ पासून ती महाराष्ट्रात चालू आहे. त्यामुळे आमच्या थोरल्या काकांपासून शेंडेफळापर्यंत जवळजवळ सगळे चौथीत तिच्या मांडवाखालून गेले. आमच्या वेळी भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे विषय असत, एकूण गुण ३००. घरात कुणाला किती पडले हे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत आजही निघतं. दहावीचे टक्के कुणाला आठवत नाहीत, चौथीचे गुण मात्र पाठ.

गाईड एकच होतं आणि ते ताईचं. त्यावर पेन चालवायला सक्त मनाई, कारण खाली चौघं रांगेत. ताईनं पेन्सिलीनं सोडवलं, वर्षअखेरीला बाबांनी बसून खोडरबरानं सगळं पुसलं आणि पुस्तक दादाकडे आलं. पण ताई पेन्सिल दाबून लिहायची. पान उजेडाकडे तिरकं धरलं की तिचे गोल स्पष्ट दिसत. दादानं अर्धं गाईड असंच ‘सोडवलं’. माझ्या हाती आलं तेव्हा प्रत्येक प्रश्नावर दोन-दोन जणांचे वळ होते, आणि ते एकमेकांशी जुळत नसतील तिथे पंचाईत. मग स्वतः विचार करावा लागायचा. एरवी कोण करतंय!

भाषेच्या पेपरात आजीला कुणी हरवलं नसतं. ती शाळेत कधी गेली नव्हती. घोड्याचं शिंगरू, म्हशीचं रेडकू, किल्ल्यांचा जुडगा, मोराचा केकारव हे आम्ही घोकायचो, तिला ते नुसतं ठाऊक होतं. उलट ती गाईडचीच चूक काढायची. आम्ही ‘केळ्यांचा घड’ म्हटलं की लगेच, ‘आणि फणी? एक ओळ तोडून आणलीस तर तिला घड म्हणशील का?’ फणीचा पर्याय गाईडमध्ये नसायचा. आजीच्या मते तो पेपर काढणाऱ्याचा दोष.

गणितात काही गोष्टी बाई पाठच करून घेत. १ ते १०० मध्ये मूळ संख्या २५. त्यांची बेरीज १०६०. दोनपासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक २० वेळा येतो, एक मात्र २१ वेळा आणि शून्य ११ वेळा. यातल्या एकाही माहितीचा पुढच्या आयुष्यात उपयोग झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही. पण अजून रात्री झोप येत नसली की दादा म्हणे मूळ संख्या म्हणत पडतो.

खरी धमाल बुद्धिमत्तेची. तो विषय शाळेच्या वेळापत्रकात नाही, पुस्तकात नाही, म्हणून घरानं तो खेळ म्हणून उचलला. पत्र्याच्या चौकटीचा आजोबांचा दाढीचा आरसा भिंतीवरच्या घड्याळासमोर धरायचा. घड्याळात सव्वातीन, आरशात पावणेनऊ. का? तर आरशातली वेळ आणि खरी वेळ मिळून बारा तास भरतात. हे धाकटीला उमगलं त्या संध्याकाळी तिनं अख्ख्या वाड्यात फिरून प्रत्येक घरातलं घड्याळ उलटं वाचून दाखवलं. रेशनच्या रांगेत उभं राहिलं की, ‘मी समोरून सातवा, मागून नववा, तर रांगेत किती?’ पंधरा. सोळा म्हणणारा स्वतःला दोनदा मोजतो. साध्या वर्षात १ जानेवारीला जो वार तोच ३१ डिसेंबरला, हे आमच्या काकूला पटेना, तर तिनं भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून खात्री करून घेतली.

परीक्षा फेब्रुवारीत. आदल्या रात्री शिसपेन्सिली तासून ठेवलेल्या, सकाळी हातावर दही-साखर. केंद्र दुसऱ्याच शाळेत, बहुधा हायस्कूलमध्ये, तिथल्या बाकावर बसलं की पाय जमिनीला पोचत नसत. एकच सूचना सगळ्यांना पाठ होती : प्रश्न रिकामा सोडायचा नाही, काहीच सुचलं नाही तर तीन नंबरचा पर्याय. यामागचं शास्त्र कुणी विचारलं नाही. निकाल लागेस्तोवर आम्ही पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेलेलो असायचो. मग एकाच यशाचे दोन सत्कार, आणि नाव यादीत नसेल तर दोन्हीकडे शांतता. पैसे फार नसत. त्या काळची रक्कम वह्या-पुस्तकांत संपून जाई, पण शाळेच्या कचेरीत स्वतःची सही करून पैसे घेण्याची ऐट वेगळीच. आता वर्षाला ५,००० रुपये मिळतात, ती वाढ अगदी अलीकडची, २०२३ मधली.

आता एक गोष्ट, जी आमच्या गप्पांत नेहमी शेवटी निघते आणि मग कुणी फारसं हसत नाही. स्कॉलरशिपला सगळा वर्ग बसत नसे. बाई मुलं निवडत. निवडलेली पुढच्या बाकांवर, त्यांना सकाळी जादा तास. उरलेली मागे शुद्धलेखन काढत. दहा बसवायची, नऊ पास करायची आणि निकाल नव्वद टक्के म्हणून फळ्यावर लिहायचं, हा हिशेब तेव्हा बऱ्याच शाळांत चालायचा. आमचा एक चुलतभाऊ या निवडीत कधीच नव्हता. घरी मात्र आमच्याबरोबर सतरंजीवर बसून तो आकृतीतले त्रिकोण मोजायचा, आणि आमचे तेरा होईपर्यंत त्याचे सोळा मोजून झालेले असत. बरोबर सोळाच असत. त्याचा फॉर्मच भरला गेला नाही. आज तो फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, कोपरा काटकोनात आहे की नाही ते डोळ्यांनी सांगतो. ‘माझे किती पडले असते रे?’ असं तो मधूनच विचारतो. यावर आम्ही भावंडं विषय बदलतो.

पहिली ते पाचवी हे प्राथमिक ठरल्यावर २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. घरात आनंद झाला, मलाही झाला. आरसा, रांगा, घड्याळं यांचं वय नऊच. दहाव्या वर्षी मुलं मोबाइलला जास्त विचारतात. परीक्षा वाईट नव्हती, निवड वाईट होती. म्हणून चौथीच्या वर्गावर असलेल्या गुरुजींना आणि बाईंना आमच्या घराकडून एवढंच सांगणं : फॉर्म भरताना पट उघडा आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळ्यांचे भरा. निकालाचे टक्के खाली आले तर येऊ द्या.