काचेवरची चांदी

गेला महिनाभर आमच्या घरात काचेखेरीज दुसरा विषय नाही. कारण आई. सोलापूरच्या घराचा हॉल पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी दोनला पडदे ओढायचे आणि भर उजेडात ट्यूबलाइट लावून बसायचं, हे वर्षानुवर्षं चाललंय. गुडघ्यांमुळे आता तिचं बाहेर पडणं थांबलंय. म्हणजे खिडकी हेच तिचं बाहेरचं जग, आणि तेच नेमकं दुपारभर बंद!

बरं, पडदे ओढूनही खोली तापतेच. ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवतं, आणि तापलेल्या पडद्याची उष्णता काचेतून तशी आरपार बाहेर जात नाही. ती खोलीतच राहते.

टोरांटोच्या मावसभावाने फोनवर निकाल देऊन टाकला, "लो-ई काच बसव, आमच्याकडे तीच आहे."

मग बसलो वाचत. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही, ती अवरक्त किरणांची. या काचेवर चांदीचा थर असतो, जेमतेम १०-१५ नॅनोमीटर जाडीचा. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! हा थर उजेड आत सोडतो आणि उष्णता परतवतो. पण मेख इथेच आहे. टोरांटोला घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, वर हिवाळ्यातलं ऊन हवंच असतं. सोलापूरला ऊनच अडवायचंय. थर दोन्हींकडे वेगळा, नाव मात्र एकच! म्हणून दुकानात नाव नाही, आकडा विचारायचा : 'सोलर हीट गेन कोइफिशंट', म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. साध्या काचेचा सुमारे ०.८. आपल्याला हवा ०.३ च्या आत.

चांदीचा हा थर उघड्या हवेत खराब होतो. म्हणून तो दोन काचांमध्ये सीलबंद करतात. ही जाड जोडकाच आमच्या जुन्या स्लायडिंगच्या पट्टीत बसेना. नवी चौकट आली, खर्च वाढला. शेवटी हॉलच्या एकाच खिडकीला काच बसवली आणि बाकीच्या दोन्हींना बाहेरून बांबूच्या चिका. ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. खोली काही महाबळेश्वर झालेली नाही, पंखा लागतोच. पण आई आता दुपारी तीनला दिव्याशिवाय पेपर वाचते. "एवढे पैसे काचेला?" हे मात्र रोज एकदा ऐकतो.

तेव्हापासून पुण्या-मुंबईतल्या काचेच्या टोलेजंग इमारती दिसल्या की मनात हिशोब सुरू होतो. ०.२५ ची उत्तम काच लावली, तरी उन्हातली पाव उष्णता आत येणारच, आणि ती बाहेर काढायला एसी. काच खिडकीपुरती असावी, भिंतीचं काम भिंतीने करावं. आपल्या वाड्यांच्या जाड भिंती आणि खोल ओसऱ्या बांधणाऱ्यांना आकडे ठाऊक नव्हते, ऊन मात्र पक्कं ठाऊक होतं.