फ्लाइट मोडमधले साडेपाच तास

‘हे आता बंद करायचं का गं?’

विमान अजून मुंबईच्या रनवेकडे रांगतच होतं, तेव्हापासून बाबांनी हा प्रश्न मला तीनदा विचारला. हातात त्यांचा सहा वर्षं जुना फोन, कानात वायरवाला इअरफोन. खिडकीची सीट त्यांना दिली होती, पण खिडकीबाहेर बघतोय कोण! एकाहत्तराव्या वर्षी पहिला विमानप्रवास, तोही थेट सिंगापूरचा. ताईच्या बाळाचं बारसं होतं.

‘बाबा, फ्लाइट मोड टाकलाय मी. ऐका बिनधास्त.’

त्या फोनमध्ये आईचे व्हॉइस मेसेज आहेत. आईला जाऊन दोन वर्षं झाली. मेसेज म्हणाल तर अगदीच साधे. येताना कोथिंबीर आणा, गॅसवाला येऊन गेला, छत्री विसरलात. एका मेसेजमध्ये मात्र ताईच्या थोरल्यासाठी म्हटलेली अख्खी अंगाई आहे. रात्री हे सगळं एकदा ऐकल्याशिवाय बाबांना झोप लागत नाही. ‘दुसरीकडे कॉपी करून ठेवते’ म्हटलं, तर रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेला माणूस म्हणतो, ‘नको, चालू मशीनला हात लावू नये.’ आता बोला!

आजच्या पोरांना खोटं वाटेल, पण बाबांचा प्रश्न काही वर्षांपूर्वी अगदी बरोबर ठरला असता. २००८ साली ऑफिसच्या खर्चानं मी पहिल्यांदा बंगळुरूला गेले, तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेला आयपॉड मिरवायला सोबत होता. गाणं सुरू केलं न केलं तोच एअर होस्टेस हजर! टेक-ऑफ आणि लँडिंगला सगळं बंद. आयपॉड, गेम, कॅमेरा, सगळं. मग आपण सीटच्या खिशातलं ते ओकारीचं पाकीट उलटंसुलटं वाचत बसायचं. २०११च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला हॉलिवूडचा अॅलेक बाल्डविन गेटवर उभ्या विमानात फोनवरचा शब्दांचा खेळ सोडेना, म्हणून त्याला चक्क खाली उतरवलं होतं. तिथे आपल्या आयपॉडची काय कथा!

ही सक्ती अमेरिकेत २०१३च्या ऑक्टोबरअखेरीस सैल झाली. आपल्याकडे डीजीसीएनं २०१४च्या एप्रिलमध्ये परवानगी दिली. फ्लाइट मोड असेल तर गेटपासून गेटपर्यंत काय हवं ते बघा, ऐका. विमानातल्या वाय-फायचा नियम २०२० साली आला.

मी हे सगळं बाबांना ऐटीत सांगितलं आणि वर ठोकूनही दिलं, ‘म्हणजे इतकी वर्षं उगाचच पिडलं ना आपल्याला?’

तर बाबांनी एका कानातला इअरफोन काढला. दुकानात गिऱ्हाईकाला झापायच्या आधी काढायचे तसा.

‘उगाच कसं? एफएम रेडिओ नुसता ऐकतो असं वाटतं तुला? तो बोलतोसुद्धा. तू ९८.३ लावलंस, की आत त्याची स्वतःची एक लहर तयार होते, १०.७ने वरची. म्हणजे किती झाली?’

‘१०९.’

‘आणि विमानाला दिशा दाखवणारे जमिनीवरचे रेडिओ कुठे बोलतात? १०८ ते ११८.’

मी गप्प. (घरी आल्यावर तपासलं. शब्दन्‌शब्द बरोबर!) लहर अगदी क्षीण, पण विमानाच्या अँटेनापासून काही फुटांवर. अमेरिकेतला मूळ नियम १९६१चा आहे, तो अशाच ट्रान्झिस्टरच्या भीतीतून आला. पुढे वॉकमन आले, लॅपटॉप आले, आणि प्रत्येक नवं यंत्र त्याच नियमाखाली गेलं. विमानांची वायरिंग आणि यंत्रणा अशा लहरींना दाद देत नाहीत हे तपासून बघितल्यावरच सूट मिळाली. आणि मोबाइलची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेत उडत्या विमानातून मोबाइल लावायला १९९१मध्ये बंदी आली, ती जमिनीवरच्या टॉवरांसाठी. इतक्या उंचीवरून एकच फोन एका वेळी असंख्य टॉवरांना दिसणार, मग खालचं नेटवर्क गोंधळणार.

हे सगळं होईस्तोवर जेवण आलं, गेलं, दिवे मालवले. बाबांनी पुन्हा दोन्ही इअरफोन लावले. मी डोळे मिटणार तोच खांद्यावर टकटक.

‘पाच टक्के राहिलेत.’

सीटसमोरच्या यूएसबीत वायर घातली. ढिम्म. माझी बघितली, तीही बंद. पलीकडच्या काकूंची चालू होती, पण त्यांचा फोन लागलेला आणि त्या घोरत होत्या. माझ्या पर्समध्ये पॉवर बँक, वीस हजार एमएएचची, पूर्ण भरलेली. फक्त विमान सुटायच्या आधी स्पष्ट अनाउन्समेंट झाली होती: पॉवर बँक जवळ ठेवा, वापरू नका.

अंधार होता. अंगावर पांघरूण होतं. मी वायर काढली, पांघरुणाखाली जोडली आणि दुसरं टोक बाबांपुढे केलं.

‘हे चालतं?’

‘कोणाला दिसतंय!’

‘ते नाही विचारलं.’

मग सांगावंच लागलं. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधीच आग लागली, ती डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून. आतले सगळे १७६ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले, विमान मात्र वरून जळून गेलं. तपासात संशय पॉवर बँकेवर आला. मार्चपासून कोरियानं पॉवर बँका वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, ऑक्टोबरमध्ये एमिरेट्सनं विमानात त्या वापरायलाच बंदी घातली. चेक-इनच्या बॅगेत तर त्या आधीपासूनच चालत नाहीत. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापायला लागली की स्वतःलाच पेटवत जाते. केबिनमध्ये निदान कोणी बघतं, पाणी ओतून गार करतं. पोटातल्या सामानात कोण बघणार?

म्हणजे बघा, पन्नास वर्षं आपण ज्या लहरींना घाबरलो, त्या आता फ्लाइट मोडच्या एका बटणावर निमूट बसतात. विमानवाल्यांची झोप उडवलीय ती बॅटरीनं. आणि बॅटरीला कसला आलाय मोड!

बाबांनी पांघरुणात हात घालून वायर उपटली. ‘सेल फुगलेला मी टेबलावर पाहिलाय,’ एवढंच म्हणाले. फोन बंद करून शर्टाच्या खिशात ठेवला. इअरफोन मात्र कानात तसाच.

मला राग आला होता, एअरलाइनचा की बाबांचा कोण जाणे. पाच मिनिटं ऐकलं असतं तर काय विमान पेटणार होतं? बहुतेक नाही. पण आजूबाजूला झोपलेल्या शे-दोनशे माणसांच्या वतीनं ते ‘बहुतेक’ मी ठरवून टाकलं होतं, तेही त्यांना न विचारता.

बाबा जागेच होते. बंगालच्या उपसागरावर कुठेतरी ते अंधारात बोलायला लागले. ‘पहिला कोथिंबिरीचा. त्यात ती शेवटी खोकते. दुसरा गॅसवाल्याचा, मागे कुकरची शिट्टी आहे. तिसऱ्यात रागावलीय.’ एकेक करून सगळे सांगितले, खोकल्यासकट, शिट्टीसकट. अंगाईशी आल्यावर थांबले. ‘ती मला येत नाही,’ म्हणाले, आणि खिडकीचं झाकण पहिल्यांदा वर केलं. बाहेर पंखाच्या टोकावरचा दिवा लुकलुकत होता.

चांगीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. ताईचे मेसेज माझ्या फोनवर धडाधड पडायला लागले, कुठे आहात, बाहेर उभी आहे. बाबांना कसली घाई नव्हती. चार्जिंगचा पॉइंट दिसला तसे ते त्याच्याशेजारी चक्क खाली मांडी घालून बसले. मीही बसले. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. आमच्या दोन्ही बॅगा पट्ट्यावर एकट्याच फिरत असणार.

‘कळव तिला,’ बाबा म्हणाले, ‘पंधरा टक्के झाले की निघतो.’