एसटीच्या वेळापत्रकावरून इंग्रजी

माण तालुक्यातली आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. बरीच मुलं मेंढपाळांच्या घरची. पावसाळा सरला की आईवडील मेंढ्या घेऊन वाटेला लागतात आणि मुलं आजीजवळ राहतात. या गावात इंग्रजी दिसतं, पण ऐकू येत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलवर, दुकानाच्या पाटीवर ते आहे. कुणी कुणाशी ते बोलत मात्र नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी इंग्रजी दुसरी भाषा असेल, आमच्या मुलांसाठी ती परदेशीच आहे. शिकवायची सुरुवात हे मान्य करूनच करावी लागते. मुलांच्या कानावर दिवसभरात जे काही इंग्रजी पडणार, ते शाळेत, माझ्याच तोंडून.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. माझ्या शाळेच्या दिवसांत ते पाचवीला यायचं आणि तर्खडकरी वळणानंच यायचं: मराठी वाक्य, त्याचं भाषांतर, काळ, स्पेलिंगचं पाठांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी कितीतरी पिढ्यांना इंग्रजी वाचायला शिकवलं, ते ऋण मोठं आहे. पण ती वाट मराठी नीट लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाला मराठीच अजून लिहायला शिकायची असते. त्याच्यापुढे भाषांतर ठेवून काय होणार?

म्हणून पहिलीत सुरुवातीचे महिने इंग्रजीच्या तासाला वही निघतच नाही. ‘स्टँड अप.’ ‘टच द डोअर.’ ‘ब्रिंग मी द डस्टर.’ मी बोलते, स्वतः करून दाखवते, मग मुलं करतात. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ही पद्धत मांडली. प्रशिक्षणात तिला टीपीआर (टोटल फिजिकल रिस्पॉन्स) म्हणतात. मुलानं अर्थ अंगानं दाखवायचा, बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. तिच्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग पुष्कळदा गाळला जातो. तो म्हणजे ओळखीच्या शब्दांची अनोळखी वाक्यं. मुलांना ‘डस्टर’ माहीत आहे, ‘हेड’ माहीत आहे, ‘पुट’ माहीत आहे. मग एखाद्या दिवशी मी अचानक म्हणते, ‘पुट द डस्टर ऑन युवर हेड.’ हे वाक्य त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. क्षणभर शांतता, मग एकजण उठून डस्टर डोक्यावर ठेवतो आणि सगळा वर्ग हसतो. त्यानं ते वाक्य कुठून पाठ केलेलं नाही, त्याला ते समजलं आहे. घोकलेलं आणि समजलेलं यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारी दुसरी चाचणी मला ठाऊक नाही.

काही मुलं महिनोन् महिने इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनाच्या काळाबद्दल लिहिलं आहे. मूल ऐकून साठवत असतं, म्हणून त्याला बोलायला भाग पाडू नये, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच होता. सांगितलेलं सगळं करायचा, बोलायचा काहीच नाही. बैठकीला आलेल्या सहकाऱ्यांनी त्याला उभं करून बोलतं करायचं सुचवलं. मी ते केलं नाही. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत शेजाऱ्यानं त्याचं दप्तर ओढलं, तेव्हा तो जोरात म्हणाला, ‘डोन्ट टच माय बॅग!’ त्याला हे वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यातला प्रत्येक शब्द मात्र त्यानं वर्गात अनेकदा ऐकलेला होता.

अक्षरांचं प्रकरण वेगळं आणि मराठी मुलासाठी खास अवघड. देवनागरीत ‘क’ला ‘क’च म्हणतात, अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजीत ‘एच’ म्हणायचं आणि वाचताना ‘ह’ काढायचा, ‘डब्ल्यू’ म्हणायचं आणि ‘व’ वाचायचा. ‘सी-ए-टी कॅट’ असं सुरात घोकून घेतलं तर मूल कॅट म्हणतं, पण ‘मॅट’ पुढे आलं की थांबतं. म्हणून मी अक्षरांची नावं मागे ठेवते आणि आवाज आधी देते. स, अ‍ॅ, ट, इ, प, न एवढ्या सहा आवाजांत सॅट, पिन, टिन, टॅप, नॅप, स्पिन असे कितीतरी शब्द मुलं स्वतः जुळवतात. जुळवलेल्या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत असला पाहिजे, नाहीतर तोही घोकंपट्टीचाच प्रकार.

तिसरी-चौथीत मला सर्वांत जास्त हाती लागलं ते एन. एस. प्रभू यांच्या कामातून. १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास अशा ठिकाणच्या शाळांत त्यांनी एक प्रयोग चालवला. व्याकरणाचा धडा नाही, वाक्यरचनेचा सराव नाही. मुलांना सोडवायला कोडं द्यायचं, नकाशा, गाड्यांचं वेळापत्रक, आणि ते सोडवताना इंग्रजी वापरलं जाऊ द्यायचं. लक्ष अर्थावर असतं तेव्हा भाषा आत जाते, हा त्यांचा विश्वास. मी दहिवडीच्या एसटी स्थानकावरचं वेळापत्रक उतरवून फळ्यावर मांडलं. आजीला दहाच्या आत साताऱ्याच्या दवाखान्यात पोचायचं आहे, कुठली गाडी धरायची? प्रश्न खरा होता, कारण त्यांच्या आज्या खरोखरच त्या गाडीनं जातात. आपसातली वादावादी मराठीतच झाली आणि मी ती होऊ दिली. उत्तर इंग्रजीत हवं होतं. एक मुलगी म्हणाली, ‘एट बस लेट. सेव्हन गुड.’ मी म्हटलं, ‘येस, द एट ओ’क्लॉक बस विल बी लेट. द सेव्हन ओ’क्लॉक बस इज बेटर.’ तिला थांबवलं नाही, चूक दाखवली नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखे शब्दच नाहीत, ते नियम सांगून चटकन येणार नाहीत, बरोबर वाक्य पुन:पुन्हा कानावर पडलं तर येतील.

मराठी वर्गात नको, असं मी मानत नाही. खेळाचा नियम एका मराठी वाक्यात सांगून वेळ वाचतो. पण प्रत्येक इंग्रजी वाक्यामागोमाग त्याचं मराठी सांगायची सवय घातक आहे. मुलं हुशार असतात. मराठी येणारच आहे हे कळलं की ती इंग्रजी ऐकणं सोडून देतात.

हे शिकवायला शिक्षकाचं इंग्रजी फर्डं असावं लागत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत अनेक सहकारी म्हणतात, आम्हालाच बोलता येत नाही. पण पहिली-दुसरीच्या वर्गाला जेवढं लागतं तेवढं कुठल्याही शिक्षकाला बसवता येतं. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना मोजक्या, नेहमी लागणाऱ्या शब्दांत वाचनपुस्तकं रचली. त्यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली शब्दयादी सुमारे २००० शब्दांची आहे. आपल्याला लहान मुलांसाठी त्याचाही छोटासा भाग पुरतो. रोज, न चुकता, तेच शब्द नव्या वाक्यांत बोलायचे.

दर जूनमध्ये काही मुलं आमच्या शाळेतून निघून इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसतात. पालकांची धडपड मला कळते. इंग्रजी न आल्यानं त्यांची कामं अडलेली आहेत. पण मुलाला समजत नाही त्या भाषेत, शिक्षकालाही सहज बोलता येत नाही त्या भाषेत परिसर अभ्यास आणि गणित शिकवलं, तर भाषा आणि हे दोन्ही विषय, तिन्ही हातचं जातं.

पालकांना माझी एक विनंती आहे. शाळेतून आलेल्या मुलाला ‘इंग्रजीत काहीतरी बोलून दाखव’ म्हणू नका. आज वर्गात इंग्रजीत काय ऐकलं आणि ते ऐकून काय काय केलं, हे त्याला मराठीत विचारा. आणि शाळेत आलात तर ‘ए टू झेड येतं का?’ याऐवजी ‘इंग्रजीच्या तासाला शिक्षक इंग्रजी बोलतात का?’ हे विचारा.