ब्रह्मगिरीची वाट आणि काठीचे माप

श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी त्र्यंबकेश्वराचे रस्ते माणसांनी भरून जातात. कुशावर्तावर स्नान करून ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला, म्हणजेच फेरीला, निघणाऱ्यांची रांग रविवारी रात्रीपासूनच सुरू होते. पाऊस थांबलेला नसतो. मंदिराच्या काळ्या दगडावरून पाणी निथळत असते आणि पर्वताचा माथा ढगात दडलेला असतो. अशा वेळी पायथ्याशी बांबूच्या काठ्यांचा भारा घेऊन बसलेल्या विक्रेत्याभोवती गर्दी होते. पुष्कळजण हाताला लागेल ती काठी उचलतात, पैसे देतात आणि निघतात. एखादा जाणता वारकरी मात्र थांबतो. तो काठी जमिनीवर टेकवतो, कोपर दुमडून पाहतो, मूठ वर-खाली सरकवतो, काठीवर थोडा भार टाकून ती किती वाकते हे अजमावतो आणि मग ती पसंत करतो. ह्या एका मिनिटाच्या विलंबाचे मोल त्याला पुढच्या वीस किलोमीटरमध्ये कळत असते.

नाशिकपासून त्र्यंबकेश्वर जेमतेम अठ्ठावीस-तीस किलोमीटर. परंतु ह्या अंतरात हवामान पालटते. नाशिक शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या त्र्यंबकला तो दोन हजारांच्या घरात जातो. म्हणूनच शहरातील कोरड्या फरशीवर बेतलेले पादत्राण येथे फसते. ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच असून गावापासूनची चढण सुमारे १,८०० फुटांची आहे. गोदावरीचे मूळ ह्याच पर्वतावर मानले जाते. श्रावणात त्याच्या प्रत्येक घळीतून पाणी धावत असते, आणि ते पाणी जिथे वाट ओलांडते तिथे खडक, शेवाळ आणि चिखल असे तीन निरनिराळे तळ पावलाला लागोपाठ भेटतात.

वर चढण्याच्या वाटेवर बांधीव पायऱ्या आहेत. १९०८ च्या सुमारास कराचीचे शेठ लालचंद जशोदानंद भंभानी आणि गणेशदास ह्यांनी सुमारे ४० हजार रुपये खर्चून पाचशे पायऱ्या बांधविल्या. कराचीचा व्यापारी आणि गोदावरीचा उगम ह्यांत केवढे अंतर! तरीही अनोळखी यात्रेकरूचे पाऊल घसरू नये म्हणून त्याने दगड बसविला. बांधीव पायऱ्या संपल्यावर वरच्या भागात खडकातच कोरलेल्या, उंच टप्प्यांच्या पायऱ्या लागतात. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मधून झिरपणारे पाणी आणि आसपास माकडांच्या टोळ्या. त्या पायऱ्या गडाच्या काळच्या. त्या यात्रेकरूच्या पावलाच्या मापाने घडवलेल्या नाहीत. तेथे पावलालाच पायरीचे माप घ्यावे लागते.

फेरीची वाट ह्याहून वेगळी. ती पर्वतावर चढत नाही, त्याला वळसा घालते. ब्रह्मगिरीची धाकटी फेरी सुमारे वीस किलोमीटरची, तर हरिहराला कवेत घेणारी मोठी फेरी त्याच्या दुपटीची. प्रयागतीर्थ आणि पहिने ह्या बाजूंनी जाणाऱ्या ह्या मार्गाशी संत निवृत्तिनाथांची कथा जोडलेली आहे. विठ्ठलपंत मुलांसह प्रदक्षिणा घालीत असता वाटेत वाघ आडवा आला, निवृत्तिनाथ कुटुंबापासून दूर झाले आणि एका गुहेत त्यांना गहिनीनाथांचे दर्शन घडले, अशी परंपरा सांगते. आज वाघाचे भय उरलेले नाही. आजचे भय मुरगळलेल्या घोट्याचे, सोललेल्या टाचेचे आणि उतारावर निसटलेल्या पावलाचे आहे. कुटुंबातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बाबतीत ते खरोखरच गंभीर ठरते, कारण पर्वताच्या मागच्या अंगाला एकदा पाय दुखावला की मदत मिळेपर्यंत तोच पाय ओढत चालावे लागते.

म्हणून काठीचे माप नीट जाणून घेणे अगत्याचे आहे. सपाट वाटेवर काठी सरळ धरली असता कोपरात काटकोन व्हावा, हा सर्वमान्य ठोकताळा. साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या माणसासाठी ही धरण्याची जागा जमिनीपासून ११० ते ११५ सेंटिमीटरवर येते. चढणीवर पुढची जमीन उंच असल्यामुळे मूठ पाच-सात सेंटिमीटर खाली घ्यावी. उतरणीवर तितकीच वर न्यावी, कारण तेव्हा काठी खालच्या पायरीवर टेकायची असते. तेवढ्यासाठी काठी मुळातच खांद्याइतकी, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास लांब असावी. साध्या बांबूचा मोठा गुण हाच की तो कोठेही धरता येतो. कोणताही पेच फिरवावा लागत नाही. कमरेइतकी आखूड काठी चढणीवर चालून जाते, पण उतरणीवर ती माणसाला पुढे वाकायला लावते आणि तोल नेमका दरीच्या बाजूला जातो.

जाडीचाही असाच विचार आहे. मुठीत काठी धरल्यावर अंगठा आणि मधले बोट एकमेकांना टेकावे. त्याहून जाड काठी तासाभरात हात भरून आणते, आणि फारच बारीक असेल तर ऐन भाराच्या वेळी दगा देते. मानवेल जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो. त्याच्या गाठी जवळजवळ असतील तर तो अधिक विश्वासाचा. टोकाबाबत मात्र दोन परस्परविरुद्ध गरजा आहेत. बारीक टोक खडकाच्या खाचेत पक्के बसते, पण चिखलात खोल रुतते. रुंद टोक चिखलात तरते, पण ओल्या कातळावर सरकते. आधुनिक काठ्यांना टोकाच्या थोडे वर जी गोल चकती बसवलेली असते, ती ह्याच पेचावरचा तोडगा आहे. टोक खडक धरते, आणि चिखलात चकती त्याला फार खाली जाऊ देत नाही.

पादत्राणाच्या बाबतीत लांबीपेक्षा रुंदीची चूक अधिक घडते. पाऊल दिवसभर चालून थोडे पसरते आणि सुजते. म्हणून बूट सायंकाळी, जे मोजे घालायचे तेच घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, नाहीतर उतरणीवर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. परंतु लांबी वाढवून रुंदीची उणीव भरून निघत नाही. अरुंद बूट चावतो म्हणून एक आकडा मोठा घेतला, तर पाऊल आत पुढेमागे सरकते आणि टाचेला फोड येतो. बोटे आत मोकळी पसरली पाहिजेत आणि टाच घट्ट बसली पाहिजे. ह्या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. चामडे वर्ज्य मानणाऱ्या घरांना येथे अडचण नाही. कापडी वरचा भाग, रबरी तळ आणि तळाला खोल, विरळ खाचा असलेला बूट ह्या वाटेवर चामड्याच्या बुटापेक्षा लवकर निथळतो. दाट खाचांमध्ये मात्र चिखल भरून तळ गुळगुळीत होतो. अनवाणी चालणाऱ्या भाविकांचे पाय वर्षानुवर्षे जमिनीशी ओळख ठेवून असतात. शहरात सदैव बूट घालणाऱ्याने एका दिवसासाठी त्यांचे अनुकरण करणे जोखमीचे आहे.

चिखलात तरायचे कसे, ह्याचा खरा धडा वाटेच्या दोन्ही बाजूंच्या भातखाचरांत मिळतो. आवणीच्या दिवसांत रेडा त्या गुडघाभर चिखलातून औत ओढतो. त्याचे खूर रुंद आणि दुभागलेले. भार पडताच ते फाकतात आणि वजन अधिक जागेवर वाटले जाते. चिंचोळ्या, अखंड खुराचा घोडा त्याच खाचरात अडकून पडेल. खाचर सपाट करण्यासाठी फिरवायची फळीही वर माणूस उभा असताना रुतत नाही. ती लांबरुंद असल्यामुळे चिखलावरून सरकत जाते. मऊ जमिनीचा हा नियमच आहे. किती वजन आले एवढ्याने काही ठरत नाही. ते किती जागेवर पसरले, ह्यावर रुतणे किंवा तरणे अवलंबून असते.

हाच नियम पुढे हिमालयातही भेटतो. नाशिक-मुंबईकडील अनेक व्यापारी कुटुंबे आता हिवाळ्यात काश्मीरच्या गुलमर्गला जातात. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या त्या पठारावरून केबल कार अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेते. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. वरच्या उतारावर पडणारे बर्फ ताजे, कोरडे, पिठासारखे भुसभुशीत असते. सत्तर किलोंचा माणूस त्यात साध्या बुटांनी उभा राहिला तर मांडीपर्यंत रुतू शकतो, कारण त्याच्या दोन्ही पावलांखाली मिळून साधारण ४०० चौरस सेंटिमीटरच जागा असते. १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ११ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की पायाखाली आल्या की ती जागा सुमारे ४,००० चौरस सेंटिमीटर होते. भार तोच, पण तो दसपट जागेवर वाटला जातो. खाचरातली फळीच जणू येथे पायाला बांधलेली असते.

पिठूळ बर्फासाठी स्की निवडताना मग कोणते माप घ्यावे? दाबून सपाट केलेल्या उतारावर पायाखाली ७५ ते ९० मिलिमीटर रुंदीची आणि हनुवटी ते नाकापर्यंत पोहोचणारी स्की सोयीची. खोल, मऊ बर्फात ती रुंदी १०५ ते १२० मिलिमीटरपर्यंत वाढते आणि लांबी डोक्याच्या उंचीइतकी किंवा थोडी अधिकही घेतली जाते. उंची ही केवळ सुरुवातीची खूण. निर्णायक ठरते ते वजन. उंच पण सडपातळ तरुणाला थोडी आखूड स्की पुरते, तर बुटक्या पण भारदस्त गृहस्थाला लांब लागते. टोके वर वळलेली असतील तर तेवढा भाग कठीण बर्फाला टेकत नाही, म्हणून अशी स्की थोडी लांब घेतली तरी वळायला जड जात नाही. ‘लांब आणि रुंद तेवढी उत्तम’ असे समजणे मात्र चुकीचे. फार लांब स्की देवदारांच्या गर्दीत वळत नाही. फार रुंद स्की कठीण बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावते आणि गुडघ्यावर ताण आणते. नवख्या माणसाने तर पिठूळ बर्फाची स्की घेऊच नये. त्याने पायथ्याच्या सौम्य उतारावर, आखूड आणि अरुंद स्कीवर शिकावे. भाड्याने स्की देणारा जाणता दुकानदार म्हणूनच आधी किंमत सांगत नाही. वजन किती, अनुभव किती आणि जाणार कोठे, हे तीन प्रश्न तो विचारतो.

दुकानदाराने विचारलेल्या ह्या प्रश्नांना त्र्यंबकच्या परिसरात फार जुनी पार्श्वभूमी आहे. नाशिककडून येताना त्र्यंबकच्या अलीकडे अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी जुन्या जैन आणि हिंदू मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. तेथील शके १०६३ च्या, म्हणजे इ. स. ११४१ च्या सुमाराच्या शिलालेखात यादवराजा सेऊणदेवाच्या काळी आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ ह्यांच्या मंदिराला दुकाने दान दिल्याची नोंद आहे. पावणेनऊशे वर्षांपूर्वी ह्या वाटेवर बाजारपेठ होती, आणि देवालयाचा खर्च चालावा इतका त्या दुकानांवर विश्वास होता. श्रावकाच्या अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक माप वापरणे, हा एक आहे. तागडीच्या मापाबद्दल व्यापारी घरे आजही दक्ष असतात. ग्राहकाच्या पायाचे, हाताचे, वजनाचे माप चुकवून त्याला महाग पण निरुपयोगी वस्तू देणे हेही त्या दोषाच्या फार दूर नाही. चुकीची तागडी पैशाचे नुकसान करते. चुकीचा बूट ब्रह्मगिरीच्या मागच्या अंगाला माणूसच जायबंदी करतो.

म्हणून श्रावणात फेरीला निघणाऱ्या कुटुंबाने खरेदी फेरीच्या आधी पंधरा-वीस दिवस करावी, नवा बूट निदान तीस-चाळीस किलोमीटर पायात रुळवावा आणि काठी प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे निराळी घ्यावी. आजोबांची काठी नातवाच्या हातात देऊन भागत नाही. ज्या घरातील माणूस दुकानात बसतो, त्याने हाच विचार गिऱ्हाइकासाठीही करावा, आणि गरज नसेल तेव्हा स्वस्त वस्तू पुरेल असे सांगण्याचा मोठेपणा दाखवावा.

सोमवारी सायंकाळी फेरी पुरी करून माणसे गावात परततात. त्यांच्या काठ्यांवर टोकापासून वर चढलेली चिखलाची रेघ स्पष्ट दिसते. कोणाची चार बोटे, कोणाची वीतभर. काठीवाला ती रेघ पाहतो, यंदा वाट कोठवर मऊ आहे ते ओळखतो, आणि रात्री निघणाऱ्या पुढच्या यात्रेकरूला त्याप्रमाणे काठी निवडून देतो.