हाउझॅट

आमच्या भूमला दोन गोष्टी अस्सल मिळतात. एक खवा आणि दुसरं क्रिकेटवरचं मत. त्यातला खवा निदान भट्टीवर आटवावा लागतो. मत कच्चंच चालतं. बँकेच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवता सरकवता माणसं रोहित शर्माच्या पायांची हालचाल कुठे चुकते ते मला सांगतात. मीही मान डोलावतो. कारण शिक्का मारताना मान आपोआपच हलते.

क्रिकेटच्या प्रेमात पडायला एक आवडता खेळाडू पुरतो, पण ते प्रेम टिकवायला एक नावडता खेळाडू लागतो. माझा नावडता खेळाडू रिकी पाँटिंग. २३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गला वर्ल्डकपची फायनल झाली, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून अभ्यासाला मित्राच्या घरी गेलो. मित्राकडे रंगीत टीव्ही होता हा निव्वळ योगायोग. पाँटिंगने १२१ चेंडूंत नाबाद १४० केले, त्यात आठ षटकार. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. आमचा सचिन पहिल्याच षटकात चार धावांवर परतला आणि मित्राच्या आईने, जणू घरात काही अघटित घडलंय अशा आवाजात, "पोरांनो, दोन घास खाऊन घ्या," म्हटलं. आपण १२५ धावांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर बातमी आली की पाँटिंगच्या बॅटीत स्प्रिंग होती. "बॅट फोडून बगितली म्हणं. आता फायनल परत खेळवणार हायत." ही बातमी भूमहून परांड्याला गेली, परांड्याहून बार्शीला गेली, आणि संध्याकाळच्या गाडीने भूमला परत आली तेव्हा एका स्प्रिंगच्या दोन झाल्या होत्या. मी वाणिज्य शाखेचा. स्प्रिंगबद्दल मत द्यायचा मला काही अधिकार नव्हता, म्हणून मी ते हिरिरीने दिलं.

पुढे जानेवारी २००८ मध्ये सिडनीला गांगुलीचा झेल नीट धरला गेला की नाही, हे अंपायरने चक्क पाँटिंगलाच विचारलं आणि त्या गृहस्थाने बोट वर केलं. म्हणजे फिर्यादीनेच निकाल वाचून दाखवला. त्या दिवशी मी शपथ घेतली की या माणसाला आयुष्यात कधी माफ करायचं नाही.

ही शपथ पाच वर्षं टिकली. फेब्रुवारी २०१३ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने पाँटिंगला चार लाख डॉलर्सला विकत घेतलं आणि वर कप्तानही केलं. मुंबई म्हणजे आमची टीम. आता मी काय करावं? दहा वर्षांचा जपलेला राग असा एका दिवसात बुडीत खाती टाकता येतो का? पण पहिल्या सामन्यात सचिन आणि पाँटिंग सलामीला एकत्र चालत निघाले आणि माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "काही म्हणा, माणूस जिद्दी आहे." बायको म्हणाली, "अहो, हाच ना तो स्प्रिंगवाला?" मी म्हटलं, "तसल्या अफवांवर सुशिक्षित माणसाने विश्वास ठेवू नये."

आणि त्याच संघात हरभजनही होता! २००१ च्या मालिकेत याच हरभजनने पाँटिंगला पाचही डावांत बाद केलं होतं. पाच डावांत मिळून गड्याच्या धावा सतरा. त्याआधी २०११ मध्ये मुंबईने अँड्र्यू सायमंड्सला आणून हरभजनच्या शेजारी बसवलं होतं, म्हणजे सिडनीच्या भांडणातले वादी-प्रतिवादी एकाच ड्रेसिंगरूममध्ये. आमच्याकडे बांधावरून भांडलेले भाऊ एका पंगतीला बसत नाहीत.

पाँटिंगच्या धावा काही झाल्या नाहीत. सहा सामन्यांनंतर त्याने स्वतःच स्वतःला वगळलं, रोहित कप्तान झाला आणि २६ मे २०१३ ला मुंबईने पहिल्यांदा कप उचलला. कप्तानाने स्वतःचं नाव स्वतःच खोडणं ही गोष्ट सोपी नाही. आमच्या गावात सोसायटीच्या चेअरमननेसुद्धा अजून ती केलेली नाही. सिडनीला वर झालेलं ते बोट या वेळी त्याने स्वतःकडे वळवलं, एवढं मला मान्य करावं लागलं.

हा रोग आमच्यापुरताच असेल असं मला वाटायचं. पण माझा भाचा टोरांटोला असतो. तिथे बर्फावरची हॉकी चालते. टोरांटोच्या संघाने १९६७ पासून मोठा कप पाहिलेला नाही, तरी स्टेडियम भरलेलंच असतं. हे ऐकून मला त्या गावाबद्दल आपुलकी वाटायला लागली. भाच्याचा पाँटिंग म्हणजे बोस्टनचा ब्रॅड मार्शंड. याने टोरांटोला वर्षानुवर्षं छळलं. धक्काबुक्की तर केलीच, पण प्रतिस्पर्ध्यांचं तोंडसुद्धा चाटलं. अगदी खरं. शेवटी २०१८ मध्ये लीगने त्याला ताकीद दिली की हे बंद करा. मार्च २०२५ मध्ये तो फ्लोरिडाकडे गेला, मे महिन्यात टोरांटोला त्यांच्याच घरी हरवलं आणि जूनमध्ये कप घेऊन मोकळा झाला. तेव्हा भाचा फोनवर हळूच म्हणाला, "मामा, हा माणूस आमच्याकडे यायला पाहिजे होता."

"अरे, पण तो तोंड चाटतो ना?"

"मामा, आपल्याकडे आला की दुसऱ्यांचं चाटेल."

या एका वाक्यात सगळं तत्त्वज्ञान आलं. पण मला ते पटायला हॉकीची गरज नव्हती. माझ्याकडे 'हाउझॅट' होते.

हाउझॅट हे आमच्या बँकेच्या परांडा शाखेतले कारकून. हे नाव आम्ही ठेवलेलं. दरवर्षी भूम शाखा विरुद्ध परांडा शाखा असा टेनिस बॉलचा सामना होतो. त्यात हे गृहस्थ, चष्म्याला दोरी बांधून, पॉइंटला उभे राहत आणि पायचीतचं अपील तिथून करत. खिशात नियमांचं पुस्तक. एकदा आमचे मॅनेजरसाहेब नॉनस्ट्रायकरला असताना हेड ऑफिसचा फोन आला म्हणून बोलत बोलत क्रीझबाहेर गेले, तर यांनी बेल्स उडवल्या. साहेब बाद. हेड ऑफिसचा फोन चालू असताना! तेव्हापासून परांड्याचं नाव निघालं तरी साहेबांचा रक्तदाब वाढायचा.

आणि एका जूनमध्ये बदल्यांची यादी आली. हाउझॅट भूमला. थेट माझ्या शेजारच्या काउंटरवर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्टेपलरच्या जागेवर हरकत घेतली, चहाच्या वेळेवर हरकत घेतली, मी चारची आकृती जशी काढतो तिच्यावरही घेतली. शाखेत त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं असं आमचं ठरलं. ते तर आधीपासून कामापुरतंच बोलत, त्यामुळे आमचा बहिष्कार त्यांना कळलाच नाही.

मग तो सोमवार आला. पेन्शनची गर्दी, त्यात तासभर नेट बंद. संध्याकाळी रोकड मोजली तर छत्तीस हजार कमी. पुन्हा मोजली, पुन्हा कमी. काउंटरवर घट आली की ती भरायची कोणी, हे बँकेत सांगावं लागत नाही. आणि घरी कपाटात, साडीच्या घडीत, जवळजवळ तेवढेच पैसे होते. मुलीच्या लातूरच्या क्लासचा हप्ता. खुर्चीवर बसल्या बसल्या मला ती साडीसुद्धा दिसली.

सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून एकेक करून निघाले. साहेब म्हणाले, "घट दाखवून टाका. उद्या बघू."

तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरून आवाज आला, "हे नियमात बसत नाही साहेब. आधी व्हाउचर बघायचे."

पॉइंटवरून यायचा तोच आवाज. फक्त या वेळी तो माझ्या बाजूने होता.

हाउझॅटनी चष्म्याची दोरी घट्ट केली. "फरकाला नऊने भाग जातो का?"

छत्तीसला नऊने भाग जातो हे बी.कॉम. झालेल्या माणसाला समजायला हवं होतं. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची उलटापालट झालेली असू शकते, हे कारकुनीतलं बाळकडू. मी नवीन पोरांना ते शिकवतो. पण स्वतःचं घर जळताना माणसाला विहीर आठवत नाही.

रात्री सव्वानऊपर्यंत आम्ही एकेक स्लिप सिस्टीमशी ताडून पाहिली. त्यांची परांड्याची गाडी केव्हाच गेली होती. अखेर ती स्लिप सापडली. दुधाचे पैसे भरणाऱ्या एका शेतकऱ्याचे पंधरा हजार मी एक्कावन्न हजार केले होते. फोन लावला तर तो म्हणाला, "तरी म्हटलं साहेब, पीक विमा इतक्या लवकर कसा आला!" सकाळी येऊन त्याने सही केली आणि नोंद दुरुस्त झाली.

त्या रात्री हाउझॅट आमच्या घरी जेवले. भाजीत मीठ कमी असल्याची हरकत त्यांनी घेतली. बायकोने चाखून पाहिलं आणि अपील मान्य केलं.

गेल्या वर्षी त्यांची बदली बार्शीला झाली. शाखेत आता शांतता आहे. स्टेपलर हवा तिथे ठेवतो, चार हवा तसा काढतो. पण संध्याकाळी रोकड मोजायला घेतली की नजर शेजारच्या काउंटरकडे जाते. आमच्या साहेबांनी, ज्यांच्या बेल्स उडाल्या होत्या त्यांनीच, परवा विचारलं, "बार्शीहून त्यांना परत मागता येईल का हो?"

गेल्या रविवारी आमचा सामना होता बार्शी शाखेशी. मी फलंदाजीला. चेंडू बॅटीला निसटता लागून कीपरकडे गेला. हे तिघांनाच माहीत: मला, बॅटला आणि पॉइंटला. तिकडून आरोळी आली, "हाउझॅट!" अंपायर आमच्याच शाखेचा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी मुकाट्याने चालायला लागलो.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "किती केले?"

"शून्य."

"आणि एवढे खुशीत?"

म्हटलं, "शून्यालाही नऊने भाग जातो."