ठळक छापलेला आकडा

रक्ताचा रिपोर्ट इंग्रजीत येतो. डॉक्टरांकडे नंबर लागायला संध्याकाळ होते आणि तोवर घरात कुणाला दम निघत नाही. म्हणून आमच्या शुक्रवार पेठेत हे कागद आधी गल्लीतल्या इंग्रजी वाचणाऱ्याच्या दारात जातात. माझ्याकडेही येतात. मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला बजावूनच मी चष्मा लावतो.

लोकांचं बोट थेट ठळक छापलेल्या आकड्यावर पडतं. ठळक म्हणजे बिघाड, अशी समजूत. पण शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा ठरते कशी? बऱ्याच चाचण्यांसाठी धडधाकट माणसं तपासतात आणि त्यांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथं पडतात, ती मर्यादा मानतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतली ५ त्या रेषेबाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता १०० त ६४ आहे. थोडा इकडेतिकडे गेलेला आकडा म्हणूनच डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.

एकदा शेजारची खाला मुलाचा आणि सुनेचा रिपोर्ट घेऊन आली. मुलाचा एसजीपीटी ५२ होता, मर्यादा ४० ची. लिव्हर गेलं, या धास्तीनं तिला घास उतरेना. सुनेचं हिमोग्लोबिन ८.४ होतं. तेही ठळकच छापलेलं, पण त्याबद्दल खाला काही बोलली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “औरतां का खून कमीच रहता ना, भाई.” उंबऱ्याशी उभ्या सुनेनंही मान डोलावली.

ती मान डोलावणं मला त्या आकड्यापेक्षा गंभीर वाटलं. ही पोरगी दिवसभर विड्या वळते, जिन्यावरून पाण्याची घागर नेताना धापा टाकते आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते. जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ही किमान पातळी धरली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. खालाचं निरीक्षण खोटं नव्हतं. पण आमच्या गल्लीतल्या बायकांवरूनच मर्यादा आखली, तर आजारच नॉर्मल ठरेल.

त्याच कागदावर आणखी एक आकडा होता. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. तो साधारण ८० ते १०० असावा, सुनेचा ६८ होता. पेशी लहान होण्याची मुख्य कारणं दोन : लोहाची कमतरता, किंवा जन्मजात थॅलेसेमिया मायनर. दुसऱ्यात शरीरात लोह पुरेसं असेल, तर लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर होण्याचा धोका २५ टक्के असतो. नात्यात लग्नं करणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. खालाची सून तिच्या भावाचीच मुलगी.

डॉक्टरांनी फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी चाचणी लिहून दिली. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अगदी तळाला होता. थॅलेसेमिया दिसला नाही. गोळ्या सुरू झाल्या. जेवणाबरोबर चहा बंद, ताटात लिंबू आलं. तीन महिन्यांनी आकडा ११.३ झाला. साठा भरावा म्हणून गोळ्या पुढेही चालू ठेवायला सांगितलं. मुलाचा एसजीपीटी दुसऱ्या तपासणीत मर्यादेत आला.

रिपोर्ट वाचायला इंग्रजी लागतं, ते कुणीही सांगेल. पण कोणाच्या आकड्याला घरानं घाबरायचं आणि कोणाचा आकडा तसाच चालवून घ्यायचा, हे त्या कागदावर छापलेलं नसतं. ते घर ठरवतं. सुनेचा कागदही मुलाच्या कागदाइतक्याच काळजीनं वाचला जावा, एवढंच माझं मागणं आहे.