बाविसावी पायरी

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण रात्री पांघरुणात तोंड खुपसून, टॉर्च लावून भुताखेताच्या गोष्टी वाचतात? हात वर करा पाहू! घाबरू नका, मी काही तुमच्या आईला सांगायला येणार नाही. मी स्वतःच त्यातला आहे. पण त्या गोष्टींपायी मी एकदा केवढा मोठा घोळ करून ठेवला होता, ते आज तुम्हांला सांगणार आहे. घरच्यांखेरीज हे कुणाला फारसं ठाऊक नाही, बरं का!

आम्ही राहायचो डोंबिवलीला, एका दुमजली चाळीत, अगदी वरच्या मजल्यावर. कल्याणला आत्या आणि ठाण्याला मामा. दोन्हीकडे फार जुनी वाचनालयं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. आत्या म्हणे, ‘आमचं जुनं.’ मामा म्हणे, ‘आमचं मोठं.’ मला त्या भांडणात काडीचा रस नव्हता. मामा त्याच्या नावावर मला हवी ती पुस्तकं काढून देतो, एवढंच मला पुरेसं होतं.

आणि मला हवे असायचे नारायण धारप! मी तेव्हा आठवीत होतो. धारपांचे ‘समर्थ’ म्हणजे आमचे हिरो. अमानवी, अघोरी शक्तींशी झुंज घेणारा शांत माणूस. रविवारी संध्याकाळी मामाकडून निघालं, की ठाण्याला फास्ट लोकल पकडायची, खिडकी मिळवायची आणि पुस्तक उघडायचं. त्या वेळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. १९१६ सालचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. कळवा गेलं की एकदम काळोख, कानठळ्या बसवणारा आवाज आणि खिडकीतून येणारा गारेगार, ओलसर वारा. डब्यातले दिवे मिणमिणायचे. पुस्तकातला माणूस नेमका तेव्हाच तळघराचं दार उघडत असायचा! मी मुद्दाम तसा हिशेब करून वाचत असे. कळव्यापर्यंत दाराशी पोचायचं आणि बोगद्यात दार उघडायचं.

तुम्ही म्हणाल, घाबरायचंच, तर एवढी तयारी कशाला? तीच तर गंमत आहे. गणिताच्या पेपरची भीती वाटते तेव्हा कुणाला मजा येत नाही. पण या भीतीला मात्र एक गोड चव असते. बोगदा संपणार आणि पलीकडे मुंब्र्याचा डोंगर नि खाडी दिसणार, हे पक्कं ठाऊक असतं म्हणून असेल कदाचित.

बरं, आता तो घोळ.

माझी धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती. वाचून वाचून माझ्या डोक्यात एवढं साचलं होतं, की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. आमच्या चाळीच्या जिन्याखाली पाण्याची टाकी होती, जमिनीत बांधलेली, वर लोखंडी झाकण. एका रात्री दिवे गेले होते. मी धाकटीला हळूच म्हटलं, ‘त्या टाकीत एक जण राहतो.’

‘कोण?’

‘त्याला नाव नाही. तो रोज रात्री एक एक पायरी चढतो. आज पहिली चढला. आपला जिना बावीस पायऱ्यांचा. बाविसाव्या पायरीवर आपलं दार. दार सापडलं तर आत. नाही सापडलं, तर बिचाऱ्याला परत टाकीत जाऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.’

हे शेवटचं वाक्य मी उगाचच घातलं होतं. गोष्टीत असा एखादा नियम असला, की ती खरी वाटते, हे मला धारप वाचून कळलं होतं. पुढे त्याच वाक्यानं माझी अब्रू वाचवली.

मग रोज रात्री निजताना मी नुसता आकडा सांगायचा. ‘आज पाचवी.’ ‘आज नववी.’ बस्स. दुसरं काही नाही. आणि मनातल्या मनात खूश व्हायचं, की काय जबरदस्त गोष्ट रचली आपण!

बाराव्या पायरीला धाकटीनं रात्रीचं संडासला जाणं बंद केलं, कारण संडास गॅलरीच्या टोकाला, जिन्याजवळ. पंधराव्या पायरीला ती झोपेनाशी झाली. सतराव्या पायरीला तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, पण पोर रात्रभर टक्क डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसायची. विचारलं तर सांगायची नाही. मीच ‘कुणाला सांगितलंस तर तो दोन पायऱ्या चढेल’ असा दम भरून ठेवला होता.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. पण सांगायचं कसं? बाबा आधीच ‘असलं भलतंसलतं वाचू नकोस’ म्हणून रागवायचे. शेजारच्या काकू एक दिवस आईला म्हणाल्या, ‘वहिनी, रागावू नका, पण मुलीला बाहेरचं काहीतरी झालंय. कल्याणच्या पुढे एक भगत आहे. येत्या अमावास्येला घेऊन जाऊ. एक कोंबडं आणि थोडे पैसे, जास्त काही मागत नाही तो.’ आई बिचारी इतकी दमली होती, की तिनं मान डोलावली. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्या रात्री तेही गप्प बसून राहिले. त्यांचं ते गप्प बसणं पाहून मला जी भीती वाटली, तशी कुठल्याही पुस्तकानं कधी वाटली नव्हती. आमच्या धाकटीला कोणी तरी अनोळखी माणूस धुरात बसवणार, तिच्या अंगावरून लिंबं उतरवणार, कदाचित मारणारसुद्धा. आणि झालेलं काय होतं? तर मी!

शेवटी मी सांगून टाकलं. सगळं. टाकी, पायऱ्या, दमसुद्धा. आता पाठीत धपाटा बसणार, म्हणून डोळे मिटून उभा राहिलो. बाबांनी मारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘मग बाविसाव्या पायरीवर काय होतं?’

‘माहीत नाही,’ मी म्हणालो. ‘तिथपर्यंत मी विचारच केला नव्हता.’

‘म्हणजे एवढ्याशा पोरीला जिन्यात अंधारात उभं करून तू निघून आलास!’

मी आजपर्यंत गोष्टींविषयी पुष्कळ समीक्षा वाचली, पण याहून नेमकी एकही नाही.

त्याच रात्री बाबा टॉर्च घेऊन आम्हां दोघांना जिन्याच्या तळाशी घेऊन गेले. धाकटी त्यांच्या कडेवर, मान खांद्यात घातलेली. बाबा म्हणाले, ‘चला, तो कसा चढतो ते आपण पाहू. मोज तू.’ आधी ती मोजेना. मग हळूहळू एक, दोन, तीन... तिचा आवाज बारीक होता, पण आकडे अगदी बरोबर. आम्ही चढत होतो. अठराव्या पायरीवर ती थांबली. त्या दिवशी तो तिथपर्यंत आला होता ना! बाबाही थांबले. मग पुढे निघालो. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस.

दार आलं नव्हतं. अजून एक पायरी होती!

मी तो जिना जन्मात कधी मोजलाच नव्हता, दोस्तांनो. बावीस हा आकडा मी नुसता ठोकून दिला होता. धाकटीनं टॉर्चच्या उजेडात खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा मोकळ्या आवाजात म्हणाली, ‘दादा, बाविसाव्या पायरीवर दार नाहीच! त्याला परत खाली जावं लागणार.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘रोज?’

‘रोज.’

जरा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘बिचारा!’

त्या रात्री ती झोपली. भगताकडे जाणं अर्थातच बारगळलं. काकू दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत, तो भाग वेगळा.

या प्रकारानंतर बाबा माझी पुस्तकं बंद करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट एकच अट घातली, गोष्ट अर्धवट सोडायची नाही. पुष्कळ मोठी माणसं म्हणतात, असल्या वाचनानं पोरं अंधश्रद्ध होतात. मला हे पटत नाही. भुतांवर खरोखर विश्वास असलेला माणूस भुताची गोष्ट मजेत वाचूच शकत नाही, तो उठून उतारा टाकायला जातो! गोष्टीतल्या भुताला नियम असतात आणि शेवटचं पान असतं. भगताच्या भुताला दोन्ही नसतं. आज कोंबडं, उद्या बकरं, परवा आणखी काही. त्याची गोष्ट संपली, तर त्याचं पोट कसं भरायचं? अशा भोंदूगिरीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. आमच्या वेळी आमच्याजवळ फक्त तेविसावी पायरी होती.

आपल्याकडे ही विद्या जुनीच आहे म्हणा. वेताळ पंचविशी घ्या. अंधारी रात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत, आणि ते प्रेत गोष्ट सांगतं! शेवटी कोडं घालतं, राजानं तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. त्या वेताळालाही नियम आहे, बघा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, हा वेताळ आहे. तोच पुढे ‘चांदोबा’तून आमच्या घरी येऊन पोचला.

मामानं पुढच्या खेपेला मला विंदा करंदीकरांचं ‘एटू लोकांचा देश’ दिलं, ‘हे धाकटीला वाचून दाखव, पापाचं प्रायश्चित्त’ असं म्हणून. १९६३ सालच्या या कविता आहेत, सगळ्या उलट्यासुलट्या, अजब माणसांच्या. ती खदाखदा हसायची, आणि मला नवल वाटायचं, की ‘आपल्यासारखं नसलेलं कुणीतरी’ हाच माल इथेही आहे, पण भीतीचा टिपूस नाही. शिवाय कवितेला कुणी ‘पुढे काय झालं?’ असं विचारत नाही. इंग्रज कवी कोलरिज सांगतो, की ‘कुब्ला खान’ ही कविता त्याला झोपेत सुचली. जागा होऊन तो ती भराभर लिहीत होता, तेवढ्यात शेजारच्या पोरलॉक गावाहून कुणी माणूस कामासाठी आला. तो गेल्यावर पाहतो, तर बाकीची कविता डोक्यातून पार नाहीशी! उरल्या ५४ ओळी. १८१६ साली त्या तशाच छापल्या आणि लोक अजून वाचताहेत. कवितेला अर्धवट राहणं शोभतं. मी मात्र तेव्हा गोष्ट सांगत होतो.

पुढे मोठा झाल्यावर जी. ए. कुलकर्णी हाती लागले. त्यांच्या ‘पिंगळावेळ’मध्ये ‘स्वामी’ नावाची कथा आहे. एका वाटसरूला गोड बोलून मठात नेतात आणि जमिनीखालच्या खोलीत जन्मभरासाठी कोंडून त्याचा ‘स्वामी’ करून टाकतात. भूत नाही, राक्षस नाही, सगळे हात जोडून नम्रपणे बोलणारे. त्या कोठडीत तो माणूस एक वेल वाढवतो, वरच्या उजेडाकडे जाणारी. ती कथा वाचून मी घामाघूम झालो होतो. तुम्ही मात्र घाई करू नका, दहावी होऊ द्या. धारपांच्या ‘आजी’ या गोष्टीवरून काही धागे घेतलेला ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ साली आला, तोही लहानांसाठी नाही. आधी धारप वाचा. खरं सांगायचं तर धारपांच्या काही गोष्टींचा शेवट आज मला आधीच कळतो. समर्थ येणार आणि सगळं ठीक होणार, हे दहाव्या पानावरच समजतं. तरी मी वाचतो. का ते धाकटीला विचारा.

ती आता ठाण्याला राहते, तिची मुलगीच सात वर्षांची आहे. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. टाकी नाही, जिना नाही. लिफ्ट आहे. मागच्या दिवाळीत फडके रोडवरून परत येताना मी तिला विचारलं, ‘काय गं, तो कुठे गेला असेल आता?’

तिला जराही विचार करावा लागला नाही. ‘पारसिकच्या बोगद्यात,’ ती म्हणाली. ‘२०२२ पासून फास्ट लोकल तिथून जात नाहीत. गर्दी कमी झालीय. आणि पायऱ्या मोजायची कटकट नाही.’

तिची मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये चालत होती. तिनं मान वर करून विचारलं, ‘कोण?’